आजींच्या तांदळातली देवाची मूठ

आमच्या घरी चुलीवर काही चढायच्या आधी एक मूठ बाजूला निघायची. नगर जिल्ह्यातलं लहान गाव, गावाच्या कडेला आमची दहा-बारा ख्रिस्ती घरं आणि मधोमध कौलारू चर्च. आई दळणासाठी ज्वारी काढायची तेव्हा पहिली मूठ पत्र्याच्या एका डब्यात टाकायची. तांदूळ असला तर तांदळाची मूठ, पण तांदूळ सणालाच असायचा. रविवारी उपासनेला जाताना तो डबा बरोबर न्यायचा. चर्चच्या दाराशी मोठं पिंप होतं, त्यात सगळ्या बायका आपापला डबा रिकामा करायच्या. ज्यांच्या घरी चूल पेटत नसे त्यांच्याकडे ते धान्य जायचं.

एका वर्षी ते आमच्याकडेच आलं. आईने ते घेतलं, आणि त्यातलीही पहिली मूठ काढून डब्यात टाकली.

मी म्हणाले, "आई, हे तिथूनच आलंय ना? परत तिकडेच?"

"आधी देवाची."

"मग आपण काय खायचं?"

"मग बघू," आई म्हणाली आणि जात्यावर बसली.

मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढची शाळा लांब होती. शिवाय मी फार लाजाळू. वर्गात उभं राहून काही म्हणायची वेळ आली की मी पाटीआड तोंड लपवायचे. चर्चमध्ये बायका एकेक करून मोठ्याने प्रार्थना करत, माझी पाळी आली की मी मान खाली घालायचे आणि आई माझ्या वाटचीही प्रार्थना करून टाकायची. पुढे लग्न झालं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. आई गेल्यावर मी पुण्याला आले आणि मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागले.

तिथेच वहिनी, म्हणजे माझ्या आताच्या मालकीणबाई, मला शोधत आल्या. त्यांच्या साहेबांची, म्हणजे नवऱ्याची, बँकेतून कोलकात्याला बदली झाली होती. वहिनींनाही तिकडे सॉल्ट लेकच्या एका ऑफिसात काम मिळालं होतं. अडचण सासूबाईंची होती. त्यांना मराठी हातचं वरण-भात-भाजी लागत असे. दुसरं काही दिलं तर त्या ताट सरकवून ठेवत. वहिनींनी मला पुरणपोळी येते का विचारलं, मोदक येतात का विचारलं. सगळं येतं म्हटल्यावर त्या खूश झाल्या. नाव त्यांनी शेवटी विचारलं.

माझं नाव मी इथे लिहीत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी चर्चच्या पाळकांनी शास्त्रातून, म्हणजे बायबलातून, काढून दिलेलं नाव आहे, ऐकल्याबरोबर माणसाला कळतं की ही ख्रिस्ती. वहिनींनाही कळलं.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "आम्हा दोघांना काही नाही. पण आईंचं वय झालंय. आता कुठे त्यांना समजावत बसायचं? त्यांच्यापुरतं दुसरं नाव सांगूया का?"

त्यांनीच एक नाव सुचवलं. साधं, गोड नाव होतं. मी मान हलवली. मान हलवायची मला सवयच आहे. त्या दिवशी मला त्यात खोटं असं काही वाटलं नाही. भांडी बदलतात, घरं बदलतात, तसं नाव बदललं, एवढंच वाटलं.

बालीगंजला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. जुनी इमारत, रुंद जिने, रस्त्याच्या बाजूला लांब बाल्कनी. पहिल्या महिन्यातच घरातली नात, ती तेव्हा सहा वर्षांची होती, मला 'माशी' म्हणायला लागली. इथे बंगालीत मावशीला माशी म्हणतात, भाजीवाला, वॉचमन सगळे तेच म्हणतात. आजींना, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंना, ते मुळीच खपलं नाही.

"अगं, माशी काय म्हणतेस बाईमाणसाला? वरणात पडल्यासारखं!"

"आजी, यहाँ सगळे तेच बोलतात," नात म्हणाली.

"बोलू देत. आपण मराठीत बोलतो."

आजी स्वतः मला मावशी म्हणायला तयार नव्हत्या. "माझ्याहून पंचवीस वर्षांनी धाकटी, मी कशाला मावशी म्हणू?" म्हणून त्या एकट्याच मला नावाने हाक मारत, त्या दुसऱ्या नावाने. वहिनी मावशी म्हणत, नात माशी, इथल्या चर्चमध्ये दीदी, आणि भाऊ फोन करतो तेव्हा ताई म्हणतो. माझं खरं नाव घेणारं माणूस कोलकात्यात कोणी नव्हतंच. चार वर्षं मी ते ऐकलं नाही. आणि ऐकलं नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

घरात आंबेमोहोर पुण्याहून यायचा. साहेब कामासाठी तिकडे गेले की पिशवी घेऊन येत, कारण आजींना इथला भात चालत नसे. पहिल्या दिवशी मी तांदूळ मोजून घेतला, आणि हात आपोआप परत त्यात गेला. एक मूठ काढली, एका कापडी पिशवीत टाकली. रविवारी तीच पिशवी घेऊन मी चर्च शोधत गेले.

फाटकाबाहेर पडून वीस मिनिटं चालत गेलं की ते चर्च लागतं. उपासना हिंदीत असते. रांचीकडची माणसं जास्त, थोडी बंगाली. दाराशी पिंप बघून मला रडूच आलं. यांच्याकडेही बायका मुठीचा तांदूळ आणतात. पिंपाजवळ एक पांढऱ्या केसांची बंगाली बाई उभी असते, जाड चष्मा लावून. तिने माझा तांदूळ हातात घेऊन नाकाशी नेला.

"दीदी, तुम्हारा चावल तो महकता है!"

मी लाजून आत गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. प्रार्थना मनात मराठीतच केली. देवाला एवढं येत असेल असं वाटलं.

तांदूळ माझा नव्हता, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण मी मनाची समजूत घातली होती. मी माझ्या ताटात तेवढा भात कमी वाढून घ्यायचे. म्हणजे ती माझ्याच पोटातली मूठ झाली. आमच्यात मूठ शिजायला काढलेल्या धान्यातून काढायची असते. आईनेही कधी दुकानातून वेगळं धान्य आणून डबा भरला नव्हता. जिथे मी शिजवते तिथे मूठ काढते, यापलीकडे माझा विचार गेलाच नाही. वहिनींना कधी विचारावं, असंही कधी मनात आलं नाही.

मागच्या वर्षी आजी न्हाणीघरात घसरल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर दोन महिने त्या पडून होत्या. ठेवलेली नर्स त्यांनी तीन दिवसांत घालवली. "ती मला पोत्यासारखी उचलते," म्हणाल्या. मग सगळं माझ्याकडे आलं. अंग पुसायचं, केस विंचरायचे, कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं. पहिल्यांदा त्यांना फार लाज वाटली. मला तर लाज काय असते ते शिकवायलाच नको. मी दुसरीकडे बघत बघत सगळं करायचे.

एकदा त्या म्हणाल्या, "तू भिंतीकडे बघून बोलतेस ते बरं आहे. मलाही सोपं जातं."

माझ्या आईच्या वेळी मला असं काही करता आलं नव्हतं, ती अचानक गेली. आजींचे पाय चोळताना मला ते आठवायचं. हळूहळू त्यांना दुसऱ्या कोणाचा हात चालेनासा झाला. पाणी मी द्यायचं, उशी मी लावायची. साहेब द्यायला गेले तरी "तिला बोलाव" म्हणत. मला बरं वाटायचं. आणि मनात कुठेतरी टोचायचंही, कारण त्या जिला बोलावत होत्या ती मी पुरती नव्हते.

काठी घेऊन चालायला लागल्यावर त्यांनी वेताची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात टाकून घेतली आणि तिथे बसून माझ्यावर देखरेख सुरू केली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला पकडलं.

"थांब. आत्ता काय काढलंस?"

"काय आजी?"

"मूठ. माझं हाड मोडलंय, डोळे शाबूत आहेत. दोन वाट्या घेतल्यास आणि त्यातली एक मूठ त्या पिशवीत गेली. कुठे जाते ती?"

तेव्हा खरं सांगायचं असतं. पण एक खरं सांगितलं तर त्याच्या मागून दुसरं ओढलं जाणार होतं, नाव, चर्च, सगळंच. माझ्या तोंडून निघालं, "पाखरांना घालते, आजी."

"कुठल्या पाखरांना?"

"बाल्कनीत येतात ती."

"मला कशी कधी दिसली नाहीत?"

"तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा येतात."

तीनदा विचारलं, तीनदा खोटं बोलले. प्रभूला पकडून नेल्यावर त्याच्या एका शिष्याने शेकोटीपाशी 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हटलं होतं आणि मग कोंबडा आरवला होता, ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. मला नेहमी वाटायचं, एवढा जवळचा माणूस, असं कसं म्हणू शकला? त्याला निदान कोंबड्याने जागं केलं. बालीगंजला कोंबडा नाही, कावळे आहेत.

आणि ते कावळे दुसऱ्या दिवसापासून यायलाच लागले. कारण आजी म्हणाल्या, "मग माझ्यासमोर घाल. मलाही दिसू देत." रोज सकाळी त्यांना बाल्कनीत बसवायचं आणि मूठ कठड्यावर पसरायची. आधी दोन चिमण्या आल्या, मग पारवे, मग एक मोठा कावळा. आजी त्याच्याशी भांडायच्या. "अरे मेल्या, त्यांना खाऊ दे की थोडं!" एक दिवस तो अगदी त्यांच्या हाताजवळ येऊन बसला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "आत्तापासून याला सवय लावून ठेवतेस होय? बरं आहे. माझ्या दहाव्याला ताटकळत बसावं लागणार नाही कोणाला."

मी म्हटलं, "असं काय बोलता, आजी."

"मग काय बोलू? हा बघ, कसा शिवला पटकन."

त्या हसत होत्या. पडल्यानंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा असा मोकळा झाला होता. मीही हसले. पण शनिवारी माझी पिशवी रिकामी होती. दोन मुठी काढायचं धाडस नव्हतं, तीही आजींच्या डोळ्यांदेखत. असे पाच रविवार गेले. पिंपाजवळची बंगाली बाई विचारायची, "दीदी, महकवाला चावल खतम?" आणि मी मान हलवून आत जायचे.

त्यातल्या शेवटच्या रविवारी पाळकांनी मंदिरात निजलेल्या लहान मुलाची गोष्ट सांगितली. देव त्याला हाक मारतो. मुलाला वाटतं, म्हाताऱ्या याजकाने बोलावलं. तो धावत जातो, याजक म्हणतो, मी नाही बोलावलं, जा, नीज. असं तीनदा होतं. गोष्ट मला पाठ होती. पण पाळक म्हणाले, देवाने त्याला नुसतं 'अरे मुला' म्हटलं नाही, त्याचं नाव घेतलं.

पाचारण हा शब्द मी चर्चमध्ये हजारदा ऐकला असेल. मला वाटायचं ते पाळकांना होतं, रानावनात दवाखाने चालवणाऱ्यांना होतं. चौथी शिकलेल्या स्वयंपाकिणीला देव कशाला बोलावेल? फोडणी घालायला? पण त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, उद्या त्याने खरंच माझं नाव घेऊन हाक मारली, तर मला कळेल का? मी तर चार वर्षं दुसऱ्याच नावाला 'ओ' देत होते.

घरी येताना मी ठरवलं की आजींना सांगायचं. घरी आल्यावर ठरवलं की उद्या सांगायचं. सोमवार गेला, मंगळवार गेला. सांगितलं तर काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. त्या माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत. वहिनी नाइलाजाने मला गावी पाठवतील. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, मला भाकरी थापता येते. पण मी पाय चोळायला बसले की आजी डोळे मिटून घेत, ते पुन्हा कुठून मिळणार होतं?

बुधवारी सकाळी पाखरं जेवत होती. आईच्या हलाखीच्या गोष्टी मी आजींना पाय चोळताना सांगितल्या होत्या, त्या आठवून आजी पाखरांकडे बघत सहज म्हणाल्या, "तुझ्या आईने चांगलं वळण लावलं हो तुला. घरात नसताना पाखरांचं पोट बघायची म्हणजे माऊली मोठ्या मनाची असली पाहिजे."

स्वतःविषयीचं खोटं मी आणखी दहा वर्षं सांभाळलं असतं. पण आईने जे कधी केलं नाही त्यासाठी तिची वाहवा होत होती, आणि जे तिने उपाशीपोटी केलं ते मी कावळ्याला घालत होते. ते मला सोसवलं नाही.

"आजी," मी म्हटलं, "माझी आई पाखरांना घालत नव्हती."

"मग?"

मी नेहमीसारखी भिंतीकडे बघायला गेले. पण बाल्कनीत भिंत नव्हती, समोर त्याच होत्या.

"ती मूठ देवाची असायची. रविवारी चर्चमध्ये न्यायची. आम्ही ख्रिस्ती आहोत, आजी. मी पण ती मूठ चर्चमध्येच नेत होते. तुम्ही विचारलंत तेव्हा घाबरून पाखरं सांगितली. आणि तुम्ही मला ज्या नावाने बोलावता ते माझं नाव नाही."

कावळा उडाला. खाली रिक्षावाला घंटा वाजवत गेला. मग आजींनी विचारलं, "घरात कोणाला ठाऊक आहे?"

"वहिनींना."

"आणि त्याला?"

"साहेबांनाही."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना." त्यांनी काठी घेतली. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. भिंत धरत धरत, एकेक पाऊल टाकत त्या आपल्या खोलीत गेल्या. त्या दुपारी त्यांनी ताट घेतलं नाही. एक केळं खाल्लं, तेही स्वतः उठून घेतलेलं.

संध्याकाळी वहिनी आल्या आणि खोलीचं दार लावलं गेलं, पण आजींचा आवाज दाराला जुमानणारा नाही.

"चार वर्षं! चार वर्षं तुम्ही नवराबायको मला लहान मुलासारखं खेळवलंत!"

"आई, तुम्ही जेवला नसतात तिच्या हातचं."

"नसते जेवले! कदाचित नसतेच जेवले! पण ते मी ठरवलं असतं ना? औषधाची गोळी केळ्यातून देतात तसं सगळं मला केळ्यातून द्यायचं का तुम्ही?"

वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मावशी, आपलं ठरलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"माझ्या आईचं नाव निघालं, वहिनी."

त्या ओट्याला टेकल्या. मग म्हणाल्या, "चूक माझीच आहे. मी बोलते त्यांच्याशी. तुम्ही बॅग भरू नका."

पण बॅग मी दुपारीच भरली होती. चार साड्या, आईचा पत्र्याचा डबा आणि माझं जुनं शास्त्र. भरायला वेळ लागत नाही.

पुढचे तीन दिवस पुन्हा कधी वाट्याला येऊ नयेत असे होते. आजींसाठी वहिनी सकाळी ऑफिसला जायच्या आधी भात टाकून जात. बाकीच्यांचं मी करायचे. आजी मला कुठल्याच नावाने हाक मारत नसत. काही हवं असलं की काठी फरशीवर आपटत. मी जायचे. पाणी ठेवायचे. ते पाणी कधी तसंच राहायचं, कधी थोडं कमी झालेलं असायचं, आणि तेवढ्या कमी झालेल्या पाण्याकडे बघून मी दिवस काढायचे.

कपडे वाळत घालायच्या जागी उभी राहून मी प्रार्थना करायचे. काय मागावं ते सुचत नसे. सगळं पहिल्यासारखं होऊ दे, असं मागायला तोंड नव्हतं, कारण पहिल्यासारखं म्हणजे खोट्यासारखं. मग आईचंच आठवायचं, "मग बघू." लहानपणी मला वाटे, आई उत्तर टाळते. आता कळलं की ती टाळत नव्हती. पुढचं काही दिसत नसताना, आधीचं काम आधी करून, हात झटकून जात्यावर बसणं, तिची आशा ती एवढीच होती आणि तेवढ्यावर तिने आम्हाला वाढवलं. मला बुधवारी जे करायचं होतं ते मी केलं होतं. उरलेलं बघणारा दुसरा कोणी होता. असं म्हटलं की थोडा वेळ छाती हलकी व्हायची. मग पुन्हा काठी आपटायची आणि मी पाणी घेऊन धावायचे.

शनिवारी वहिनी घरी होत्या, पण नातीला घेऊन तिच्या नाचाच्या क्लासला गेल्या. साहेब बँकेत होते. बाराच्या सुमाराला काठी आपटली. मी गेले तर आजी ताटासमोर बसल्या होत्या आणि एक शीत बोटात धरून बघत होत्या.

"हा भात आहे की कॅरमच्या सोंगट्या?"

हसू आलं होतं, ते गिळलं.

"बस," त्या म्हणाल्या. मी दाराशी खाली बसले. "मी पडले होते, तू माझं सगळं केलंस. तेव्हा का नाही सांगितलंस? तेव्हा मी काय उठून जाणार होते?"

"भीती वाटली."

"नोकरीची?"

"नाही. तुम्ही हात काढून घ्याल त्याची."

त्यांनी शीत ताटात टाकलं. "काढला असता," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? तेव्हा काढला असता." मग ताट बाजूला सरकवलं. "तुझा देव काय म्हणायचा ग, माझं करत होतीस तेव्हा? परक्या म्हातारीचं हे असलं?"

मला असल्या प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत. पाळकांना येतात. मी म्हटलं, "काही म्हणत नसे, आजी. पाणी कोमट ठेव, म्हणत असेल."

आजींच्या ओठांच्या कडा हलल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, की चष्मा पुसला, मला नीट दिसलं नाही.

"नाव काय तुझं? खरं?"

मी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं, माझंच मला परकं वाटलं. आजींनी ते एकदा सावकाश म्हणून पाहिलं, आमटीत मीठ बरोबर आहे का बघतात तसं. मग दुसऱ्यांदा म्हटलं, आणि पुढे म्हणाल्या, "भात टाक. मऊ टाक. आणि मला धरून तिकडे ने."

मी हात पुढे केला. त्यांनी धरला.

वेताच्या खुर्चीत त्यांना बसवून मी दोन वाट्या तांदूळ घेतला. हात सवयीने परत तांदळात गेला आणि तिथेच थांबला.

"हां, तेच सांगायचं होतं," मागून आजी म्हणाल्या. "तांदूळ कोणाचा?"

"तुमचा."

"मग माझ्या तांदळातली मूठ तुझ्या देवाला नेलीस, तर देणारी कोण झाली? मी का तू?"

चार वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि त्यांनी तीन दिवस अर्धपोटी राहून ते काढलं होतं.

"तुम्ही," मी म्हटलं.

"मग? देवाला द्यायचं तर आपलं द्यावं. तुझं तू दे. माझी मूठ पाखरांची, ती मी घालीन. आता त्या कावळ्याला सवय लागली आहे, मध्येच बंद नको."

असं ते मिटलं. सगळं मिटलं असं नाही. देवाची भांडी आजी अजून स्वतःच घासतात, थरथरत्या हाताने, आणि देवासाठीचं पाणी मी भरलेलं चालत नाही. कधीकधी ते मला लागतं. मग रात्री त्या पाय चोळायला हाक मारतात आणि लागलेलं विसरायला होतं. परवा पुण्याहून त्यांच्या जावेचा फोन आला होता. आजी सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हो, ख्रिस्ती आहे. हो, जेवते मी तिच्या हातचं. तुझ्या सुनेच्या हातापेक्षा बरं आहे." माझे कान गरम झाले.

मी आता गडियाहाटच्या बाजारातून माझा तांदूळ आणते, साधा, जाडसर. तो माझ्या खोलीत वेगळा असतो. माझ्यापुरता भात मी त्यातला करते आणि त्यातली पहिली मूठ आईच्या डब्यात जाते. पहिल्या रविवारी बंगाली बाईने सवयीने तो नाकाशी नेला.

"इस बार महक नहीं है, दीदी."

"नहीं है," मी म्हटलं. "मेरा है."

तिला काय कळलं कोणास ठाऊक, पण तिने माझा हात दाबला.

गेल्या रविवारी घाईत निघाले. फाटकापाशी पोचले तोच वरून हाक आली. आजी बाल्कनीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या, एका हातात माझा डबा. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं त्यांनी माझं नाव घेतलं, शास्त्रातलं, पुरं. वॉचमनने वळून पाहिलं. मासे घेऊन बसलेल्या बाईने पाहिलं. समोरच्या खिडकीतून कोणीतरी डोकावलं.

"अगं, तुझी मूठ राहिली की घरी!"

एवढी माणसं बघायला लागली की मी एरवी पदर ओढून चालू लागते. त्या दिवशी मी मान वर केली.

"आले, आजी!" मी म्हटलं. माझा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.